बादलीत अडकलेली मूठ

“मॅडम, ताईंचा हात निघून नाही राहिला.”

रविवारची सकाळ होती. मी मेथी निवडत बसले होते. फोनवर तन्वी पौनीकर, माझी फायनल इयरची विद्यार्थिनी. आवाज रडवेला.

“कशातून निघत नाहीये?”

“पीओपीतून.”

“पीओपीत हात गेला कसा?”

“मीच घातला, मॅडम. बादलीत. मुठीचा साचा घेऊन राहिली होती.”

मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला. “गरम होऊन राहिलं म्हणून सांग वं! आधी थे सांग!”

मी मेथी तशीच टाकून उठले.

मी नागपूरच्या एका आर्ट कॉलेजात शिल्पकला शिकवते. बरीच वर्षं झाली. पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, हे आमचं रोजचं सामान. पांढरी पावडर. पाण्यात कालवली की थोड्या वेळात घट्ट होते, आणि घट्ट होताना तापते. मूर्ती तापली तर काही बिघडत नाही. हाड मोडल्यावर डॉक्टर प्लास्टर घालतात तेव्हाही बिघडत नाही, कारण ते पातळ असतं आणि खाली कापूस असतो. पण बादलीभर पीओपीत उघडा हात घातला तर उष्णता जाणार कुठे? कातडीत जाते. उशीर झाला तर कातडीच्या खाली जाते. हे मी फर्स्ट इयरला पहिल्या आठवड्यात सांगते. सेकंड इयरला परत सांगते. तन्वी दोन्ही वेळा पहिल्या बाकावर बसली होती.

“बादली कशाची आहे?”

“प्लॅस्टिकची. पेंटची रिकामी होती.”

“हात कोणीही ओढायचा नाही. ताईंनीही नाही. घरात हातोडी आहे?”

मागून तोच आवाज. “लाइनमनच्या घरी हातोडी नसंन काय?”

या ताई म्हणजे वंदनाताई. नागपूरबाहेर, कन्हानला राहतात. वीज कंपनीत लाइनवर काम करतात. कंपनीच्या कागदावर ‘टेक्निशियन’, वस्तीत ‘लाइनमनबाई’. पट्टा बांधून पोलवर चढायचं, तार जोडायची, फ्यूज टाकायचा. सगळं काम हातांचं. त्यातला उजवा हात आत्ता आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये शिजत होता.

मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. फोन वंदनाताईंच्या सासूबाईंनी धरला. मला फक्त छताचा पंखा दिसत होता.

“आजी, फोन खाली करा. बादली दाखवा.”

“दाखवून तर राहिली,” आजी म्हणाल्या. पंखाच दिसत राहिला.

मी न बघताच सांगायला लागले. आधी बादली बाजूने कापा. कापली. आता सगळ्यावर थंड पाणी ओता. ओतलं. छिन्नी नसेल तर मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या. हात जिकडे आहे त्याच्यापासून दूर, तळाच्या कडेला ठेवा. छोटे घाव मारा. नुकतंच घट्ट झालेलं पीओपी कच्चं असतं, बिस्किटासारखं तुटतं. तासाभरानं तेच दगड होतं. म्हणून जे करायचं ते आत्ता.

घरात पुरुषमाणूस नव्हता. वंदनाताईंचे यजमान खाणीत पहिल्या पाळीला गेलेले. तेव्हा तन्वीनं स्क्रूड्रायव्हर धरायचा आणि वंदनाताईंनी स्वतःच डाव्या हातानं हातोडी मारायची, असं ठरलं.

“नीट धर वं. मले तुह्या बोटावर नाही मारायचं.”

“सॉरी ताई...”

“सॉरी मंग म्हणजो. आत्ता धर.”

ठक. ठक. आजी मधेच “अवं माय” म्हणायच्या आणि पंखा हलायचा. मग काहीतरी मोठं फुटल्याचा आवाज आला. अर्धा गठ्ठा खाली पडला होता, पण मूठ अजून नारळाएवढ्या गोळ्यात होती. मी म्हटलं, आता गोळ्याच्या चारी बाजूंनी हळूहळू टोचा, भेग पडेल. भेग पडली. आतून आधी मुठीत धरलेली पक्कड दिसली, मग बोटं.

“निघाला! मॅडम, निघाला!”

आजींनी आनंदात फोन खाली केला आणि मला पहिल्यांदा हात दिसला. लालबुंद. बोटांच्या पेरांवर आणि मनगटावर पांढुरके फोड धरायला लागले होते.

“नळाखाली धरा. वाहतं पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको.”

“हळद?” आजींच्या हातात वाटी तयार होती.

“हळद पण नको, आजी. मी येते आहे.”

स्कूटर काढली. आमच्या घरापासून कन्हान काही जवळ नाही. कामठी रोडभर मी मनातल्या मनात तन्वीशी भांडत होते. आणि खरं सांगायचं तर तिच्या एकटीशी नाही.

आमच्याकडे फायनल इयरला प्रत्येकाला वर्षभराचा एक प्रोजेक्ट असतो. विषय विद्यार्थ्यांचा, सही गाइडची. तन्वीचा विषय होता, पुरुषांची समजली जाणारी कामं करणाऱ्या बायका. बेसाहून रोज येणारी मुलगी. हुशार. हाताला वळण उत्तम, कानाला अजिबात नाही.

पहिल्यांदा तिनं दहा हातांच्या देवीचं स्केच आणलं. एका हातात स्टिअरिंग, एका हातात पाना, एका हातात ड्रिल मशीन, चेहऱ्यावर तेज.

“हे नको,” मी म्हटलं.

“काहून मॅडम? पॉवरफुल आहे ना.”

“देवी केलीस की विषय संपला. देवीला कोणी विचारत नाही, तुझी ड्युटी कुठे लागली म्हणून.”

दुसऱ्यांदा तिनं मातीचे तीन पुतळे केले. डोक्यावर हेल्मेट, हनुवटी वर, नजर दूर कुठेतरी. तिघींचे चेहरे सारखेच. सारखे असणारच. तिनं एकही बाई प्रत्यक्ष बघितली नव्हती.

“आधी बायका शोध. त्यांच्याशी बोल. मग माती भिजव.”

चिडली. पण गेली. इतवारीत धान्याच्या पोत्यांचा टेम्पो चालवणाऱ्या कल्पनाबाई तिला सापडल्या. जेन्ट्स सलूनमध्ये दाढी-कटिंग करणारी एक मुलगी सापडली. मग कोणाच्या तरी ओळखीनं वंदनाताई. परत आली तेव्हा तिच्याकडे खरंच एक कल्पना होती. चेहरे नको, हेल्मेट नको, नुसते हात. प्रत्येकीच्या खऱ्या हाताचा साचा घ्यायचा आणि जसाच्या तसा हात टेबलवर ठेवायचा. मी लगेच हो म्हटलं. चांगली गोष्ट दिसली की मी वेळ घालवत नाही.

जिवंत हाताचा साचा अल्जिनेटमध्ये घेतात. दातांचे डॉक्टर दातांचं माप घ्यायला वापरतात तीच पावडर. पाण्यात कालवली की जेलीसारखी होते. तापत नाही. मऊ राहते, त्यामुळे हात अलगद बाहेर काढता येतो. आत जी पोकळी राहते तिच्यात पीओपी ओतायचं. पीओपी थंड झालं की जेली सोलून काढायची. आतून हात निघतो. रेषा, नखं, जुनी खोक, सगळं येतं.

कल्पनाबाई साचा द्यायला आमच्या डिपार्टमेंटला आल्या त्या कोपरापर्यंत मेंदी काढून. तन्वीचा चेहरा पडला.

“मॅडम, मले यांचे राबणारे हात पाहिजे होते.”

कल्पनाबाईंनी ऐकलं. “फोटो काढाले जाताना तू तोंड धुत नाही काय वं?” त्या म्हणाल्या. “हात कॉलेजात राहणार म्हणली तू. मंग बरा नको दिसाले?”

मी तन्वीला म्हटलं, मेंदी साच्यात येत नाही, गप्प बस. साचा सुंदर आला. सलूनवाल्या मुलीचाही आला. तेवढ्यात अल्जिनेट संपलं, आणि इथून माझा खरा वैताग सुरू झाला.

नवीन अल्जिनेटसाठी मी स्टोअरला मागणी दिली. स्टोअरवाल्यांनी विचारलं, दातांच्या डॉक्टरचं सामान आर्ट कॉलेजला कशाला? मी समजावलं. त्यांनी मान हलवली आणि मागणी तिथेच ठेवली. मी परत गेले, परत समजावलं, त्यांनी परत मान हलवली.

दरम्यान प्राचार्य सर डिपार्टमेंटला चक्कर मारून गेले. त्यांना हात फार आवडले. आमच्या कॉलेजात एखादी गोष्ट प्राचार्यांना आवडली की तिचं काही खरं नसतं.

“महिला दिनाला याचंच प्रदर्शन लावू,” ते म्हणाले. “पण मॅडम, हे हात असे पडलेले का?”

“पडलेले नाहीत सर, ठेवलेले आहेत.”

“वर पाहिजेत. मूठ आवळलेली. हातात काहीतरी हत्यार. आणि सोनेरी रंग.”

“सोनेरी नको, सर. मूठही नको.”

“अहो, संघर्ष दिसायला पाहिजे!”

मी नाही म्हटलं. मग त्यांनी मला वगळून थेट तन्वीला केबिनमध्ये बोलावलं. मोठे पाहुणे येणार, एक तरी मूठ पाहिजे, लाइनमनबाईच्या हातात पक्कड छान दिसेल, आणि हे लवकर हवं. तन्वीनं मला सांगितलं नाही. अल्जिनेट नव्हतं. पीओपीच्या गोण्या मात्र डिपार्टमेंटला भिंतीशी रचलेल्या. तिनं मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ बघितला. हाताला भरपूर व्हॅसलिन लावलं की पीओपी चिकटत नाही, म्हणे.

चिकटत नाही हे खरं आहे. पण चिकटणं आणि अडकणं वेगळं. सरळ बोटांचा हात घट्ट साच्यातून कदाचित ओढून काढता येईल. मूठ येत नाही. साचा मुठीच्या खाचांमध्ये शिरून बसतो आणि तिथेच कडक होतो. याला आम्ही अंडरकट म्हणतो. त्यात मुठीत पक्कड. म्हणजे कुलूप लावून किल्ली आत ठेवल्यासारखं.

कन्हानला पोचले तेव्हा वंदनाताई ओट्यावर बसल्या होत्या, हात ओल्या फडक्यात. पस्तिशीच्या, ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. तन्वी कोपऱ्यात. आजी तिच्याकडे बघत होत्या, आणि तन्वी त्यांना सोडून बाकी सगळीकडे बघत होती.

कामठीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात बघितला, फोड बघितले, पट्टी केली. “वेळेवर निघाला,” ते म्हणाले. “आणखी राहिला असता तर बोटांचं काही सांगता आलं नसतं. आता काही आठवडे हात कोरडा ठेवायचा. वजन नाही, घट्ट हातमोजा नाही.”

“मंगळवारी माही ड्युटी आहे,” वंदनाताई म्हणाल्या.

“ड्युटी विसरा.”

“हातमोजा थोडा मोठा घातला तं?”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी तन्वीकडे बघितलं. ती रडायला लागली.

बाहेर आल्यावर वंदनाताईंनी खरं सांगितलं. त्या कंपनीत लागल्या तेव्हा त्यांना लाइनवर पाठवलंच नाही. तक्रारींच्या फोनवर बसवलं. लाइट गेली, नोट करा. लाइट आली, नोट करा. ट्रेनिंग पोलवर चढायचं, काम खुर्चीवर बसायचं. कितीतरी वर्षं भांडून, अर्ज करून, साहेबांच्या मागे लागून, गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना लाइन मिळाली होती.

“आता हात भाजला म्हणून कळलं का आमचा बोरकर सायेब मले परत फोनवर बसवन. थो वाटच पाहून राहिला हाय.”

“पण भाजला तो पोलवर नाही ना. आमच्या बादलीत भाजला.”

“त्याले काय फरक पडते मॅडम? बाईचा हात भाजला, एवढंच सांगन थो सगळ्याले.”

त्यांचा बेत सरळ होता. कोणाला सांगायचं नाही, पट्टी काढून हातमोजा घालायचा आणि कामावर जायचं. मी म्हटलं, फोड फुटलेल्या हाताची पकड पोलवर सुटली तर? त्या म्हणाल्या, “मंग तुमीच या आता. तुमच्या पोट्टीनं केलं, तुमीच सांगा सायेबाले.”

बरोबर होतं. गाइडची सही माझी होती.

सोमवारी मी त्यांच्या ऑफिसात गेले. वंदनाताई सोबत. बोरकर साहेब तरुण होते, बोलायला मऊ. जे घडलं ते मी सगळं सांगितलं. आमचा प्रोजेक्ट, आमची विद्यार्थिनी, आमचं पीओपी. कंपनीचा किंवा कामाचा काही संबंध नाही.

“अरे अरे,” साहेब म्हणाले. “वंदनाबाई, सुट्टी घ्या. आराम करा. बरं वाटलं की या. आपण तुम्हाला हलकं काम देऊ.”

“मले हलकं काम नाही पाहिजे सायेब. बरा झाला का माही लाइन पाहिजे.”

“बघू ना.”

“बघू म्हणजे?” मी विचारलं. “दिवाळीत फटाक्यानं एखाद्या लाइनमनचा हात भाजला तर बरा झाल्यावर त्याला तुम्ही कुठे पाठवता?”

“लाइनवर.”

“मग?”

“तो वेगळा विषय आहे, मॅडम.”

मी वेगळा कसा ते विचारलं. त्यांनी चहा मागवला. मी परत विचारलं. चहा आला. कॉलेज आणि वीज कंपनी यांच्यात मला काही फरक दिसला नाही. दोन्हीकडे उत्तर नसलं की चहा येतो.

तिथून प्राचार्यांकडे. त्यांचा पहिला प्रश्न, “कॉलेजचं नाव कुठे आलं नाही ना?” दुसरा प्रश्न हाताबद्दल असेल असं मला वाटलं. तो प्रदर्शनाबद्दल होता. मी त्या दिवशी त्यांच्या टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदाच. दवाखान्याचा खर्च कॉलेज करेल, अल्जिनेट या आठवड्यात येईल, आणि यापुढे माझ्या विद्यार्थ्यांना माझ्याशिवाय केबिनमध्ये बोलवायचं नाही, असं सांगितलं. त्यांनी पंखा वाढवला आणि हो म्हणाले. अल्जिनेट खरंच त्याच आठवड्यात आलं. म्हणजे इतके दिवस येऊ शकत होतं.

तन्वीला मी काय शिक्षा करायची याचा विचार करत होते, पण ते काम आजींनी आधीच केलं होतं. “हात घेतला ना माह्या सुनेचा? मंग तू ये आता पोळ्या कराले.” तन्वी कॉलेज सुटल्यावर बेसाला न जाता कन्हानला जायला लागली. पोळ्या लाटायची, पाणी भरायची, वंदनाताईंची वेणी घालायची. एका हातानं केस बांधता येत नाहीत, हे आधी कधी तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिची आई मला फोन करून म्हणाली, घरी तर ही ताट उचलत नाही.

पण सुधारली असं समजू नका. एक दिवस तिनं मला हळूच विचारलं, “मॅडम, ते तुटलेल्या साच्याचे तुकडे मी ठेवले आहेत. मुठीचं इंप्रेशन मस्त आलं. डिस्प्लेमध्ये लावू काय?”

मी इतकी ओरडले की बाजूच्या पेंटिंग डिपार्टमेंटचे सर बघायला आले. “बाईचा हात भाजलास आणि त्याचं डेकोरेशन करतेस?”

“नाही लावत,” ती म्हणाली. जरा वेळानं परत म्हणाली, “पण ताईंचा हातच नसला तर प्रोजेक्ट अर्धा राहते ना.”

ते मी वंदनाताईंना विचारणार नव्हते. तन्वीनं विचारलं. मला वाटलं, आजी तिला पोळपाटानं मारतील. पण वंदनाताईच म्हणाल्या, “डावा घे. थो तं रिकामाच आहे.”

त्या आमच्या डिपार्टमेंटला आल्या. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातात हिरव्या बांगड्या, नखांना लाल नेलपॉलिश. मी तन्वीकडे बघितलं. या वेळी तिनं वंदनाताईंना खुर्ची दिली. अल्जिनेट मी स्वतः कालवलं. आधी माझा हात घालून दाखवला. वंदनाताईंनी बोट लावून बघितलं. “थंड हाय,” म्हणाल्या आणि हात आत ठेवला. मूठ नाही, पक्कड नाही. साचा घट्ट होईपर्यंत त्या तन्वीच्या पोळ्यांबद्दल सांगत होत्या. पहिल्या दिवशीची पोळी आजींनी म्हणे दाराबाहेरच्या गाईला दिली आणि गाईनं हुंगून सोडली.

महिला दिनाला प्रदर्शन लागलं. चार पांढरे हात, चार टेबलं. चौथा हात तन्वीचा स्वतःचा होता. तिचं म्हणणं, शिल्पकलेच्या वर्गात ती एकटीच मुलगी आहे, मग तीही मोजली पाहिजे. मला पटलं. सोनेरी रंग कोणाला लागला नाही. प्राचार्यांनी बाहेरच्या बॅनरवर मात्र एक सोनेरी मूठ छापून घेतली. इंटरनेटवरची. अंगठा बघितला तर पुरुषाची वाटत होती.

प्रमुख पाहुणे म्हणून प्राचार्यांनी वीज कंपनीतल्याच एका मोठ्या साहेबांना बोलावलं होतं. म्हणजे बोरकर साहेबांच्याही बऱ्याच वरचे. तोपर्यंत वंदनाताईंची पट्टी सुटली होती. डॉक्टरांनी काम करायला हरकत नाही असं सांगितलं होतं. त्या कामावर हजर झाल्या होत्या, आणि बोरकर साहेबांनी त्यांना कुठे बसवलं होतं हे मी सांगायला नको.

पाहुण्यांनी स्त्रीशक्तीवर भाषण केलं. आमच्या कंपनीत महिला पोलवर चढतात, याचा मला अभिमान आहे, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. मग ते प्रदर्शन बघत वंदनाताईंच्या हातापाशी आले. वंदनाताई टेबलाशेजारी उभ्या होत्या. पैठणी नेसून.

“हा तुमचा हात? वा! लाइनवर काम करता ना तुम्ही?”

“नाही सायेब.”

“मग?”

“फोन उचलून राहिली मी. हात बरा झाला, डॉक्टरनं लिहून देलं, तरी लाइन नाही देत. तुमी आत्ता म्हणले ना, पोलवर चढतात म्हणून. मी चढत होती. मले चढू देऊन नाही राहिले.”

प्राचार्य सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते वाक्य मीच पाठ करून घेतलं होतं. मी नव्हतं घेतलं. सुचलं असतं तर घेतलं असतं.

“नक्की बघतो,” पाहुणे म्हणाले. सोबतच्या माणसाला नाव लिहून घ्यायला सांगितलं. फोटो काढला. गेले.

मला वाटलं, झालं काम. तन्वीला तर वाटलं, आपल्या प्रोजेक्टनं जग बदललं. ती दोन दिवस हवेत होती.

काही झालं नाही. आठवडा गेला, आणखी एक गेला. मी बोरकर साहेबांना फोन केला. ते म्हणाले, वरून काही आलेलं नाही. वर फोन केला तर म्हणाले, तो खालचा विषय आहे. तन्वी विचारायची, “मॅडम, काहून असं?” मी तिला काय सांगणार? मी स्वतः अल्जिनेटसाठी किती चकरा मारल्या होत्या, ते तिनं पाहिलं होतं.

मग एका दुपारी अवकाळी वादळ झालं. कन्हानच्या बाजूला झाडं पडली, तारा तुटल्या, एक पोल आडवा झाला. पुढचं मला वंदनाताईंनी फोनवर सांगितलं. ऑफिसमधले दोन लाइनमन लग्नाला गेलेले, एक आजारी. तक्रारींचे फोन थांबत नव्हते. त्या उठल्या. स्वतःचा पट्टा, हेल्मेट आणि हातमोजे घेतले.

“कुठे निघाल्या?” बोरकर साहेबांनी विचारलं.

“लाइनवर.”

“आणि फोन?”

“तुमी हाय ना सायेब.”

त्यांनी अडवलं नाही. अडवायला वेळच नव्हता. पुरवठा बंद करून, तपासून, सोबतच्या गड्याबरोबर त्यांनी संध्याकाळपर्यंत दोन वस्त्यांची लाइट आणली. तोवर फोन साहेब उचलत होते. एका म्हाताऱ्यानं त्यांना म्हणे दहादा फोन केला आणि शेवटी विचारलं, थे बाई कुठे गेली, थे चांगली बोलत होती.

दुसऱ्या दिवशी वंदनाताई फोनकडे गेल्याच नाहीत. सरळ लाइनवर जाणाऱ्या गाडीत जाऊन बसल्या. कोणी काही म्हटलं नाही. अजूनही त्या लाइनवर आहेत. हातावर मनगटापाशी एक फिकट डाग राहिला आहे. तन्वी भेटली की त्या तो मुद्दाम दाखवतात.

तन्वीला फर्स्ट क्लास मिळाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा दिला की काम स्वच्छ आहे, पण हात फार साधे वाटतात, संघर्ष दिसत नाही. प्राचार्यांनी तो शेरा मला वाचून दाखवला. दोनदा.

मी डिपार्टमेंटच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी लावली आहे. जिवंत माणसाच्या अंगावर पीओपी वापरायचं नाही. या वर्षीच्या एका मुलानं विचारलं, मॅडम, पाय चालेल का?

आणि कोणी विचारलंच की बाईला तिचं काम परत मिळवून द्यायला काय लागतं, तर माझा अनुभव असा. अर्ज करून बघितले, भांडून बघितलं, प्रदर्शन लावलं, पाहुणे आणले, भाषण ऐकलं. शेवटी पोल पडावा लागला.